चार स्ट्रोकला तेल पाजणाऱ्या कुंदाताई

रविवारी सकाळी दूध घेऊन परत येताना आमच्या इमारतीखाली कुंदाताई आणि मधू दिसायचे. दोघे मिळून स्कूटर हलवत असायचे. ढकलत नव्हे, हलवत. कुंदाताईंनी हँडल धरलेलं, मधूने मागची सीट दोन्ही हातांनी घट्ट पकडलेली, आणि उभ्याउभ्या तिला डावीकडे-उजवीकडे झुलवणं चाललेलं. टाकीतून डुबुक डुबुक आवाज यायचा. इमारतीत नव्याने राहायला आलेलं कुणीतरी हमखास थांबून विचारायचं, "काकू, पेट्रोल संपलं का?"

"संपलं नाही हो. तेल पाजलंय. मिसळतोय," कुंदाताई मान वर न करता सांगायच्या. आणि मग त्यांचा भाऊ मधू, पन्नाशीकडे झुकलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला, मोठ्या आवाजात पुस्ती जोडायचा, "नाही पाजलं तर मरते!"

आज जे तिशीच्या आत आहेत त्यांना यातलं फारसं कळायचं नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. ती स्कूटर टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल साठवायला वेगळी जागा नसते. तेल पेट्रोलमध्येच घालायचं, लिटरला वीस मिलिलिटर, म्हणजे पन्नासाला एक. हे मिश्रण इंजिनाच्या पोटातून वर जातं, जाता जाता बेअरिंग, पिस्टन सगळ्यांना ओलं करतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून निळा धूर होऊन बाहेर पडतं. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणून ओढ चांगली. पण थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटतं, म्हणून ॲव्हरेज कमी. फोर-स्ट्रोकचं वेगळं. दोन फेऱ्यांत एक स्फोट, टाकीत निव्वळ पेट्रोल, आणि तेल खाली स्वतःच्या चेंबरमध्ये. तेच तेल फिरत राहतं, काळं पडतं, आणि ठरावीक किलोमीटर झाले की काढून नवं भरावं लागतं. मी एका कंपनीत हिशेब बघतो. माझ्या भाषेत, टू-स्ट्रोकचं तेल हा रोजचा खर्च आणि फोर-स्ट्रोकचं तेल हे भांडवल.

पेट्रोलपंपावर तेल घालून मिळत असे. पण कुंदाताई पंपावरून पेट्रोल भरून यायच्या आणि तेलाचं पाऊच इमारतीखाली फोडायच्या, कारण पाऊच फोडणं आणि स्कूटर हलवणं हे मधूचं काम होतं. त्याला दिलेलं, त्याला जमणारं आणि खरोखर गरजेचं असलेलं असं ते एकच काम घरात होतं. मधूचं शरीर वाढलं, बाकी सगळं सहा-सात वर्षांच्या पोराएवढं राहिलं. आईवडील गेल्यावर तो कुंदाताईंकडे आला असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे तो आधीपासून त्यांच्याकडेच होता. त्यांनी लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एका वेळी एकच कॉल घ्यायचा." कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. तिथला आवाज आणि तिथली वाक्यं निवृत्तीनंतरही त्यांच्या तोंडात राहिली. सोसायटीच्या सभेत दोघे एकदम बोलायला लागले की त्या हात वर करून म्हणायच्या, "एक लाइन धरा. दुसरे बोला." आणि लोक खरंच थांबायचे.

कल्याणला मधूसारख्या मोठ्या झालेल्या मुलांची एक कार्यशाळा आहे. कागदी पिशव्या करायच्या, पणत्या रंगवायच्या. मधू वीसेक वर्षं तिथे जातोय. कुंदाताई नोकरीत होत्या तेव्हा त्याला सोडून पुढे एक्स्चेंजला जायच्या आणि येताना घेऊन यायच्या. निवृत्त झाल्यावर त्याला सोडून तिथेच बाकावर बसून राहायच्या, चार वाजेपर्यंत. पिशव्यांचे कागद कापून द्यायच्या. "डोंबिवलीला परत येऊन पुन्हा जायचं, दोन फेऱ्या कशाला?" असं म्हणायच्या. हिशेबाने बरोबर होतं. पण त्यामुळे नोकरी सुटूनही त्यांना कधी मोकळी दुपार मिळाली नाही.

आणि न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. दिवाळीत कार्यशाळा बंद असली की चार दिवसांनी मधू गॅलरीच्या ग्रीलवर कपाळ आपटायला लागायचा. रागाने नव्हे, सावकाश, एका ठेक्यात. खालच्या मजल्यावर आमच्या घरात तो आवाज यायचा. माझी बायको टीव्हीचा आवाज वाढवायची आणि मग लगेच बंद करून वर जायची, मधूला घेऊन गच्चीवर चक्कर मारायला.

आता मधूच्या त्या "नाही पाजलं तर मरते"बद्दल. हे त्याला कुणी नुसतं शिकवलेलं नव्हतं, त्याने पाहिलेलं होतं. खूप वर्षांपूर्वी एकदा आई आजारी असताना कुंदाताई तेल घालायला विसरल्या. पत्रीपूल चढताना इंजिन तापलं आणि उतारावर एकदम जाम झालं. चाक जागच्या जागी अडकलं, दोघे रस्त्यावर पडले. कुंदाताईंचं डावं मनगट मोडलं. मधूला खरचटलंही नाही, पण तो स्कूटरजवळ बसून तिला थोपटत होता आणि रडत होता. कुंदाताईंनी मोडका हात पोटाशी धरून तिथेच त्याला सांगितलं, "तेल नाही पाजलं, म्हणून मेली. माझी चूक." त्या दिवसापासून तो विसरला नाही, आणि त्यांनाही विसरू दिलं नाही. रोज सकाळी बसण्याआधी प्रश्न यायचा, "ताई, तेल?" त्या "आहे" म्हणाल्या की मग तो पाय टाकायचा.

कुंदाताई स्वतः उतारावर कधी एक्सिलरेटर पूर्ण बंद करत नसत. मी एकदा मागे बसलो होतो तेव्हा विचारलं, उतारावर पेट्रोल कशाला जाळता? म्हणाल्या, "अरे सुधीर, पेट्रोल बंद केलं की तेलही बंद. उतारावर सगळे आराम करतात, हिला तिथेच कोरडं पडायला होतं." हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, मी नंतर खात्री करून घेतली.

तीन-चार वर्षांपूर्वी ती स्कूटर गेली. गाडीचं वय झालं होतं, आणि त्याहून जास्त त्या मनगटाचं. क्लच दाबवेना. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ त्यांची भाची शुभदा राहायची. तिने खटपट करून बिनगिअरची नवी स्कूटर घेऊन दिली. फोर-स्ट्रोक, आवाज जवळजवळ नाहीच, धूर नाही. सगळी इमारत पेढे खायला खाली आली. मधूने हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "ताई, तेल?"

"हिला पेट्रोलमध्ये तेल नाही लागत, मधू. हिचं तेल आत असतं."

"दाखव."

"आत आहे ना. दिसत नाही."

"मरेल," मधू म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रिक्षा बोलावली तर रिक्षावाल्याला विचारायचा, "तेल पाजलं?" रिक्षावाला हसायचा, आणि मधू हसणाऱ्या माणसाच्या गाडीत कसा बसेल? पाचव्या दिवशी आमच्या डोक्यावर ग्रीलचा आवाज सुरू झाला.

मग एका सकाळी ऑफिसला निघताना मला ते दोघे नव्या स्कूटरवरून जाताना दिसले. मला बरं वाटलं. वाटलं, समजली गाडी त्याला. पुढे गाडीला वर्ष झाल्यावर एका शनिवारी मी कुंदाताईंबरोबर पीयूसी काढायला गेलो, कारण त्यांना तिथलं मशीन आणि तिथली रांग दोन्ही नको असे. पंपाजवळच्या टपरीतल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे बघितले, नळी काढून पुसली, पुन्हा घातली.

"काकी, ये क्या पिलाया है गाडी को?" तो म्हणाला. "नवीन गाडी आहे ना? बीएस सिक्स? ही तर जुन्या रिक्षासारखी ओकतेय."

गॅरेजमध्ये प्लग काढला तर काजळीने बरबटलेला. मेकॅनिकने तो वास घेऊन माझ्या हातात दिला. "टू-टी ऑइल, टू-स्ट्रोकचं. पेट्रोलमध्ये टाकलंय कोणीतरी. काकू, हे फोर-स्ट्रोक आहे, याला असं नाही चालत. सायलेन्सरमधली जाळी पण चोक होणार अशाने."

माझी समजूत झाली की जुनी सवय. तीस वर्षं हात जे करतात ते डोकं थांबवू शकत नाही. संध्याकाळी मी वर गेलो आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन त्यांना फोर-स्ट्रोक समजावून सांगितलं. चार चौकोन काढले, पिस्टन काढला, खाली तेलाचं चेंबर काढलं. हे तेल वर पेट्रोलला भेटतच नाही, वरून घातलेलं तेल नुसतं जळतं आणि घाण करतं, असं सगळं. कुंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुणाचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त.

"काळं झालेलं तेल काढून टाकतात म्हणालास ना?"

"हो. ठरावीक किलोमीटरनंतर."

"म्हणजे हिला तशी सोय आहे. बरं आहे," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे एकदा बघून हळू आवाजात बोलल्या, "मला माहीत आहे सगळं, सुधीर. पुस्तिका वाचलीय मी. पहिल्या पानापासून. पण तो तेल बघितल्याशिवाय बसत नाही. आणि हलवल्याशिवाय बसत नाही."

"मग रिकामं पाऊच धरा ना. किंवा थोडं पेट्रोलच बाटलीत घेऊन ओता. त्याला काय कळतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागदाची घडी घालायला लागलो.

"त्याला कळत नाही म्हणून तर नाही करता येत," त्या म्हणाल्या. "तुला मी खोटं सांगितलं तर तू दुसऱ्या कुणाला तरी विचारशील. तो विचारत नाही. मी सांगितलं ते संपलं. मीच त्याला शिकवलं, नाही पाजलं तर मरते. ते तेव्हा खरं होतं. आता खरं नाही. पण मी ते परत कसं घेऊ? त्यापेक्षा गाडी खराब होऊ दे."

गाडी खराब होऊ देणं हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "मग तूच सांग काय करू. मी इतकी दमलेय की मला आता युक्त्याही सुचत नाहीत." ते त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज भाजी नाही, तशा स्वरात सांगितलं.

युक्ती शेवटी त्यांनाच सापडली, त्याच पुस्तिकेत. इंजिनाच्या कुशीत खाली एक काळं झाकण असतं. ते फिरवून काढलं की त्याला चिकटून एक चपटी दांडी बाहेर येते. दांडी फडक्याने पुसायची, परत आत घालायची, काढून बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसलं की ठीक. त्यांनी मधूला खाली बसवून दांडी बाहेर काढून दाखवली. तिच्या टोकाला मधासारखं तेल होतं.

"हे बघ. आत आहे."

मधूने बोट लावलं, वास घेतला. "पाजलं?"

"गाडी घेतली तेव्हाच पाजलंय शोरूमवाल्यांनी."

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी मधूची नवी अडचण निघाली. तेल कालच्या इतकंच होतं. "जळलं नाही?" त्याने विचारलं. जळत नाही म्हणजे गाडी खात नाही, आणि खात नाही म्हणजे आजारी आहे, असा त्याचा हिशेब. तोही बरोबर होता, जुन्या गाडीचा. कुंदाताई सकाळ-संध्याकाळ, साडी खोचून, फरशीवर गुडघे टेकून तेच सांगायच्या. "हिचं जळत नाही. तेच फिरतं." रोज. मी ऑफिसला निघताना तेच वाक्य, संध्याकाळी काही विसरलं म्हणून खाली आलो तरी तेच वाक्य. दरम्यान पेट्रोलमधलं तेल त्या कमी करत गेल्या. पूर्ण पाऊच, मग अर्धं, मग चार थेंब. दर वेळी मधूला सांगून. "आज कमी घालतेय. बघू मरते का." मेली नाही. पावसाळा सुरू होऊन संपला, आणि एका रविवारी मधूने पाऊच हातात घेतलं, दांडी काढली, पुसली, बघितली आणि पाऊच न फोडता परत दिलं. "आहे," तो म्हणाला. स्कूटर मात्र त्याने हलवली. ती त्याने कायम हलवली. त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही.

इतक्यात कुंदाताईंचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गाडी चालवणं थांबवा म्हणून सांगितलं. त्या घरी येऊन म्हणाल्या, "थांबवते. पण आधी त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसता आलं पाहिजे. माझ्याशिवाय. नाहीतर माझ्यामागे तो ग्रीलपाशीच राहील." शुभदा त्याला घेऊन जायला तयार होती, बाकी सगळे मदत करायला तयार होते. पण कार्यशाळेपर्यंतच्या रस्त्याला मदतीने भागणार नव्हतं. त्याने स्वतःहून पाय टाकायला हवा होता.

कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर दत्ता भोईर नावाचा रिक्षावाला असतो. इथलाच, जुन्या गावठाणातला. कुंदाताई मधूला घेऊन त्याच्याकडे गेल्या.

"दत्ता, याला तुझ्या इंजिनाचं तेल दाखवशील का? रोज, बसायच्या आधी."

"आवो ताई, मी सकालीच बगून निंगतो. तेल फुल हाय."

"दाखव," मधू म्हणाला.

"रोज?" दत्ताने डोकं खाजवलं. "पाशिंजर काय बोलतील माजे?"

"पॅसेंजर हाच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "एका वेळी एकच कॉल."

दत्ताने मागचं झाकण उघडलं. बाकीचे रिक्षावाले जमले. कुणीतरी ओरडलं, "दत्ता, कागदपत्रं काढ, आरटीओ आलाय!" मधूने दांडी काढली, खिशातल्या रुमालाने पुसली, बघितली. मग दत्ताला म्हणाला, "काळं." दत्ता ओशाळला. "बदलतो ना रं बाबा. उद्याच बदलतो." आणि खरंच बदललं. पुढे स्टँडवर मधूचं नावच इन्स्पेक्टर पडलं. "ए इन्स्पेक्टर, माजी पण बग ना," असं बाकीचेही म्हणायला लागले. पण मधू दत्ताशिवाय कुणाची गाडी बघत नसे.

सुरुवातीला कुंदाताई शेजारी बसून जायच्या. मग पुढे दत्ताजवळ. मग दुसऱ्या रिक्षाने मागून. मग पत्रीपुलापर्यंतच. असं करत करत हिवाळा आला.

कुंदाताई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. शुभदा आणि तिचा नवरा ठाण्याचं घर भाड्याने देऊन इथे राहायला आले. मधू रोज दत्ताच्या रिक्षाने जातो. शेवटच्या आजारपणातल्या कुंदाताई मला फारशा आठवत नाहीत, किंवा मी आठवायला जात नाही. आठवते ती मधू एकटा गेला त्या दिवशीची सकाळ.

त्या दिवशी मी रजा काढली होती. त्यांनीच सांगितलं होतं, पानाच्या टपरीमागे उभा राहा, मध्ये पडू नकोस, नुसतं बघ. त्या स्वतः गॅलरीतही येणार नव्हत्या. दिसल्या असत्या तर मधू परत फिरला असता. मधू डब्याची पिशवी घेऊन एकटा खाली आला. दत्ताने झाकण उघडलं. मधूने दांडी काढून पुसली, आत घातली, पुन्हा काढली. बराच वेळ धरून उभा राहिला. दत्ता आकाशाकडे बघत होता. मग मधू "आहे" म्हणाला, आत बसला, पिशवी मांडीवर घेतली. रिक्षा वळली आणि गेली.

मी वर गेलो. दार उघडंच होतं. कुंदाताई बाहेरची साडी नेसून, पायात चपला घालून, पर्स हातात धरून खुर्चीत बसलेल्या. तो बसला नसता तर लगेच खाली धावायची तयारी.

"बसला," मी म्हणालो.

"रडला?"

"नाही."

"मागे वळून बघितलं?"

त्यांच्याशी खोटं बोलणं शक्य नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी पर्स मांडीवर ठेवली. बाहेर कुठल्यातरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"चार वाजेपर्यंत मला काही काम नाही," त्या म्हणाल्या. मग खरोखरची शंका असल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "दुपारी लोक काय करतात रे?"

"जेवतात. झोपतात. काही जण मालिका बघतात."

"हो का," त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आलो तेवढ्यात त्यांना झोप लागली होती. बसल्या जागीच, चपला पायातच, तोंड किंचित उघडं. मी ग्लास टेबलावर झाकून ठेवला, पंखा एकवर आणला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.